काशीत शिकवलेला समुद्र

बनारसच्या पोरांना समुद्राचं चित्र काढायला सांगा, ती पलीकडचा काठ काढणारच. ब्रह्मा घाटाजवळच्या गल्लीत, गणपतीच्या देवळावरच्या हॉलमध्ये आमचा मराठीचा उन्हाळी वर्ग भरतो. तिथे पहिल्याच दिवशी मी कागद वाटले आणि म्हटलं, "समुद्र काढा बघू." सगळ्यांनी माना खाली घालून काढला. अलीकडे पायऱ्या, पायऱ्यांवर छत्र्या, मधे नावा आणि पलीकडे मस्तपैकी वाळूचा पट्टा. एकाने त्या वाळूवर ककडीवाला बसवला होता. एकीने तर संध्याकाळची आरतीही लावून दिली होती. मी रत्नागिरीजवळच्या एका खेड्यातली, आमच्या पडवीतून समुद्र दिसायचा. आधी मला हसू आलं आणि मग नेहमीसारखं डोकं तापलं.

"अरे, समुद्राला पलीकडचा काठ नसतो रे!"

पोरं माझ्याकडे बघतच राहिली. नुकतीच मुंज झालेला, डोक्याचा गोटा केलेला एक बटू म्हणाला, "मग काकू, नाव जाते कुठे?"

प्रश्न अगदी रास्त होता. तेवढ्यात त्याच्या शेजारी बसलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीने खोडरबर उचलला. दोन घट्ट वेण्या घातलेली, सहावी-सातवीतली मुलगी. तिने आपला पलीकडचा काठ खोडायला सुरुवात केली. वाळू खोडली, झाडं खोडली, इतकं घासलं की कागदच फाटला. मग तो फाटका कागद माझ्यापुढे धरून म्हणाली, "आता बरोबर?"

"बरोबर."

"तिथे उभं राहिलं की कसं वाटतं, काकू?"

आता हे काय सांगायचं? मी म्हटलं, "ते सांगून नाही कळत. जाऊन बघावं लागतं."

"भाऊ जाणार आहे," ती म्हणाली. "मुंज झाली ना त्याची, म्हणून आजोबा त्याला कुलदैवताला नेणार आहेत, कोकणात. देऊळ एकदम समुद्रावर आहे. मी नाही जाणार." आणि मग, जराही रडका सूर न लावता, "मला जायचंय पण."

ते 'मला जायचंय' माझ्या डोक्यातून पुढे महिनाभर काही गेलं नाही.

आमचे हे रेल्वेत. बदली झाली म्हणून आम्ही इथे आलो आणि लहरताऱ्याच्या क्वार्टरमध्ये संसार मांडला. इथल्या मराठी मंडळींत दोन तऱ्हा. एक आमच्यासारखे, नोकरीसाठी आलेले, बदली झाली की जाणारे. दुसरे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच: पुरोहित, शास्त्री, मास्तर. त्यांच्या घरी मराठी बोलतात, पण त्या मराठीत हिंदी अशी मिसळलेली की वेगळी काढता येत नाही. "काकू, मी जरा पानी पिऊन घेतो," हे पोरांचं रोजचं वाक्य. पोरांची मराठी सुटू नये म्हणून सुट्टीत हा वर्ग. कुणी श्लोक शिकवायचं, कुणी गोष्टी, कुणी शुद्धलेखन. वर्ग चालवणाऱ्या बाईंनी मला विचारलं, तुम्ही काय घ्याल? मी म्हटलं, समुद्र.

"समुद्र? इथे?" त्यांचे डोळे चष्म्याबाहेर आले.

"मग काय गंगा शिकवू? गंगा त्यांना माझ्यापेक्षा जास्त येते."

आता खरं सांगायचं तर समुद्रातले जीव मला ठाऊक होते ते चुलीकडून. आमच्या घरी सोमवार-गुरुवार सोडले तर रोज मासा. त्यामुळे दुसऱ्या दिवशी मी बांगडा शिकवायला घेतला तेव्हा गाडी भरधाव सुटली. पाठीवरच्या पट्ट्या सांगितल्या, थव्याने कसे फिरतात ते सांगितलं. ताजा कसा ओळखायचा, कल्ले उचलून लाल आहेत का बघायचं, डोळा पाणीदार हवा, तेही सांगितलं. आणि मग माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. "मग त्याला हळद-मीठ चोळायचं, कोकमाचं आगळ लावायचं..." इथपर्यंत मी पोचले आणि वर्गात एकच गोंधळ. कुणी "छी छी" म्हणतंय, कुणी खिदळतंय, आणि तो बटू जानवं हातात धरून म्हणतो, "काकू, ऐकलं तरी चालतं ना?"

त्याला म्हटलं, ऐकलं तर काही होत नाही बाळा. पण घरी जाऊन पोरांनी जे सांगायचं ते सांगितलंच. दुसऱ्या दिवशी अर्धा हॉल रिकामा! आणि उरलेल्या अर्ध्यात मी पाऊल टाकते न टाकते तोच जिन्यावर खडावांचा आवाज झाला.

ते त्या दोन भावंडांचे आजोबा होते. दशाश्वमेध घाटावर त्यांची चौकी, म्हणजे छत्रीखालची पूजेची बैठक. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे ते पुरोहित. इथल्या मराठी घरांत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही, हे मला ठाऊक होतं. उंच, ताठ, कपाळाला भस्म. हॉलच्या दारातच उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "पोरांना समुद्र शिकवा, मना नाही. पण आमच्या घरातली लेकरं इथे येऊन मासे चिरायला शिकणार असतील तर त्यांना घरी बसवतो. श्लोकांना येतील, तुमच्या तासाला नाही."

"चिरायला नाही शिकवलं हो," मी म्हटलं. "अजून तिथवर आलेच नव्हते."

हे मी बोलायला नको होतं, पण माझ्या जिभेला हाड कुठंय! गुरुजी खडावा वाजवत खाली उतरले. त्यांच्या मागोमाग आणखी दोन-तीन घरांतली पोरं गेली. वर्गाच्या बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, असंच चाललं तर तुमचा तास बंद करावा लागेल मला."

मी घरी येऊन भांडी आपटली. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" तर म्हटलं, "काही नाही, मला मासा येतो तो ताटातला, पाण्यातला येत नाही, एवढंच झालंय." आणि रागारागानेच मी शिकायला बसले. मोबाईलवर बघायचं, मोठ्या पोरांच्या पुस्तकांत शोधायचं, कागदावर उतरवायचं. चाळीस वर्षं समुद्राकाठी वावरलेली बाई मी. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, त्याचं रक्त निळं असतं, हे मला आता कळत होतं. समुद्रघोड्यात पिल्लं बाप पोटाशी सांभाळतो, हे कळलं तेव्हा मी ह्यांना हाक मारून वाचून दाखवलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही.

उरलेली पोरं खूश होती. पण माझं लक्ष सारखं त्या फाटक्या कागदवालीच्या जागेकडे जायचं. पोरगी शेजारच्या खोलीत श्लोक म्हणत बसायची आणि माझा तास सुरू झाला की मुकाट्याने चप्पल घालून घरी जायची.

एकदा चौखंब्याच्या भाजीबाजारात ती आईबरोबर भेटली. मला बघताच जवळ आली. "काकू, आज काय झालं क्लासमध्ये?"

मी तिच्या आईकडे बघितलं. सासऱ्यांनी मनाई केली आहे, आता ही बाई काय म्हणते कोण जाणे. आईने माझ्याकडे पाठ केली आणि दुधी निवडायला घेतला. मी मुलीला ऑक्टोपसची तीन हृदयं सांगितली. आईने दुसरा दुधी उचलला. मी सांगितलं की त्याच्या अंगात एकही हाड नाही, एवढ्याशा फटीतून अख्खा निसटतो. आईने तिसरा दुधी उचलून टिचकी मारून बघितला. भाजीवाली वैतागून म्हणाली, "बहिनजी, लेना है कि नहीं?" आई म्हणाली, "देख रहे हैं ना." समुद्रघोडा सांगून झाला, माकूळ शाई सोडून कसा पळतो ते सांगून झालं, तेव्हा कुठे त्या माउलीने पहिलाच दुधी पिशवीत टाकला आणि माझ्याकडे बघून बारीकशी हसली. मला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझे मामा-मामी काशीला आले. त्यांना गंगापूजन करायचं होतं. दशाश्वमेधावर आमच्याकडच्या लोकांचे पुरोहित म्हणजे हेच गुरुजी. मी म्हटलं, जाऊ दे, भांडण माझं आहे, मामांचं नाही. सकाळी त्यांच्या बांबूच्या छत्रीखाली जाऊन बसलो. त्यांनी मला ओळखलं, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. आजोबांचा सकाळचा डबा घेऊन नात आली होती, ती चौकीच्या कडेला बसली होती.

गुरुजींनी मामांच्या हातावर पाणी घातलं आणि संकल्प सांगायला लागले. संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी. दशमी होती. ते शब्द ऐकले आणि काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे आमच्याकडे आत्ता भरती."

मामा लगेच म्हणाले, "होय तर! साडेसात. पाणी आता माडांपर्यंत आलं असेल."

गुरुजी थांबले. "कशावरून?"

"दशमी ना?" मामा म्हणाले. "तिथीला तीनाने गुणायचं नि चाराने भागायचं. दहा त्रिक तीस, भागिले चार, साडेसात. सकाळी साडेसातला भरती नि संध्याकाळी साडेसातला. आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगतं. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमाराला, तेव्हा पाणी सगळ्यात चढतं."

गुरुजींच्या हातातली पळी तशीच हातात. बाकीचे यजमान ताटकळले होते, वर ऊन चढत होतं, नावाडी ओरडत होते. ते मात्र स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते. मग त्यांनी परीक्षा घ्यावी तसं विचारलं, "द्वादशीला?"

मामा तोंड उघडेपर्यंत चौकीच्या कडेवरून आवाज आला, "नऊ!"

"पंचमीला?"

"पावणेचार!" नात उठून उभी राहिली होती.

"अष्टमीला सहा," गुरुजी स्वतःच म्हणाले आणि खळखळून हसले. तो ताठ माणूस असा हसू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. "बाई, मी जन्मभर या दगडावर बसून लोकांना तिथी सांगत आलो. माझ्या वडिलांनी सांगितली, आजोबांनी सांगितली. चंद्र समुद्राला ओढतो हे ऐकून होतो. पण असा वेळ लावून ओढतो आणि तो वेळ माझ्याच पंचांगात बसलाय, हे मला कुणी सांगितलं नाही!"

मी म्हटलं, "माझ्या तासाला आला असतात तर कळलं असतं."

मामींनी मला चिमटा काढला. पण गुरुजी रागावले नाहीत. संकल्प पुन्हा पहिल्यापासून सांगितला, पूजा यथासांग केली, आणि आम्ही उठताना म्हणाले, "उद्या पोरं येतील. मीही येईन. मासा शिकवा, मसाला नको."

आणि आले की हो! दुपारी बारा-एकचं ऊन, बाहेर लू सुटलेली, आणि हे गृहस्थ ओला पंचा डोक्यावर टाकून पोरांच्या रांगेत मांडी घालून बसले. मी अनेक शिकलेली माणसं बघितली आहेत. वय झालं की ती प्रश्न विचारत नाहीत, आपल्याला काय येतं तेवढंच सांगतात. या माणसाने मला प्रश्न विचारून विचारून घाम फोडला. मी सांगितलं, देवमासा पिल्लाला दूध पाजतो आणि श्वास घ्यायला वर येतो. ते म्हणाले, "दूध पाजतो तर मासा कसला? तो मासा नाहीच, नाव चुकीचं ठेवलंय." पोरं ओरडली, "आजोबा, आपल्या गंगेतली सूंससुद्धा वर येते श्वास घ्यायला!" गुरुजींनी सूंस, म्हणजे गंगेतला डॉल्फिन, आयुष्यभर बघितली होती. ते म्हणाले, "मग तीही मासा नाही. मी इतकी वर्षं तिला मासाच समजत होतो." हे त्यांनी पोरांसमोर बोलून टाकलं, अगदी सहज. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जे वाटलं त्याला आदर हाच शब्द आहे, दुसरा नाही.

शंखातला खेकडा त्यांना सगळ्यात आवडला. त्याचं अंग मऊ असतं, म्हणून तो दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहतो. वाढला की मोठा शंख शोधतो. कधीकधी लहान-मोठे खेकडे ओळीने उभे राहतात आणि एकाने घर सोडलं की मागचा त्यात शिरतो. "भाडेकरू!" गुरुजी मांडीवर थाप मारून म्हणाले. "पण आमच्या बनारसमध्ये सोडतोय कोण घर? त्याला म्हणावं, इथे येऊन शिकव जरा."

त्यांनी बदल्यात पोरांना तिथ्या पक्क्या करून दिल्या. मग पोरांना नादच लागला. मी हॉलमध्ये शिरले की कुणीतरी हिशेब करून ओरडायचं, "काकू, तुमच्या गावाला आत्ता पानी चढतंय!" समुद्रापासून इतक्या लांब, कूलरच्या घरघरीत, ज्यांनी लाट पाहिली नाही अशी पोरं मला माझ्या घरासमोरचं पाणी कुठवर आलंय ते सांगत होती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून डोळे पुसले. रडू आलं, आलं. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

वर्ग संपत आला तशी कोकणच्या प्रवासाची तयारी सुरू झाली. कोकणात पाऊस पोचायच्या आत जाऊन यायचं होतं. आजोबा आणि नातू जाणार होते. मुलगी आता सगळ्या वर्गात पुढे गेली होती. कुठला जीव ओहोटीला खडकात सापडतो, कुठला वाळूत, तोंडपाठ. पण प्रवासाचा विषय निघाला की वही मिटून ठेवायची. शेवटी मलाच राहवलं नाही. तास संपल्यावर गुरुजींना जिन्यात गाठलं.

"गुरुजी, तिला का नेत नाही? मुलगी म्हणून?"

ते रागावतील असं वाटलं होतं. ते कठड्याला धरून उभे राहिले. "मुलगी म्हणून नाही हो. मी म्हातारा म्हणून. दोन रात्रींचा प्रवास, मुंबईला गाडी बदलायची, आणि पुढे समुद्र. एक पोर सांभाळेन, दोन नाही झेपणार मला."

"मग त्यांचे वडील?"

"तो आणि मी, दोघांतला एक इथे पाहिजे. घाटावरची चौकी रिकामी ठेवायची नाही, हा आमच्या घरचा नेम. कुठून कुठून लोक आईबापांची कार्यं घेऊन येतात, आणि चौकीवर कुणी नाही? असं आमच्याकडे झालेलं नाही." मग म्हणाले, "माझी मुंज झाली तेव्हा वडील आजारी पडले, जाणं राहिलं. मुलाच्या मुंजीनंतर मी इथे बसलो आणि आमचे काका त्याला घेऊन गेले. कुलदैवताचं नाव रोज घेतो बाई. दर्शन नाही झालेलं. या खेपेला होईल."

मुलगी वरच्या पायरीवर उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. ती खाली आली, आजोबांचा हात धरला आणि म्हणाली, "सावकाश उतरा." बस्स, एवढंच. हट्ट नाही, रुसवा नाही. मी तिच्या वयाची असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

दोन दिवसांनी संध्याकाळी आमच्या क्वार्टरच्या दारात गुरुजी. सायकलरिक्षाने एवढ्या लांब आलेले, घामाघूम. मी पाणी आणि गूळ पुढे केला. त्यांना माझ्याशी नाही, ह्यांच्याशी काम होतं. पिशवीतून त्यांनी तिकीट काढलं.

"माझं तिकीट मुलाच्या नावावर होतं का हो?"

ह्यांनी बघितलं. "वडिलांचं मुलाच्या नावावर होतं, नियमात बसतं. अर्ज द्यावा लागेल. पण का, तब्येत...?"

"तब्येत ठणठणीत आहे. आणि त्याच गाडीत आणखी एक तिकीट पाहिजे. नातीचं."

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. "गुरुजी, अहो, पण तुमचं दर्शन?"

ते गुळाचा खडा तोंडात टाकून शांतपणे म्हणाले, "मी जाऊन काय बघेन? पाणी बघेन. खूप पाणी आहे म्हणेन, हात जोडेन आणि परत येईन. तिला त्यात कोण कोण राहतं ते दिसेल. देव काय, मला चौकीवरून ऐकू येतो."

हे खाली मान घालून तिकीट बघत राहिले. ह्यांना भरून आलं की ते असंच काहीतरी वाचत बसतात. मी मात्र सरळ वाकले आणि गुरुजींच्या पायांवर डोकं ठेवलं. एवढ्या तेवढ्याला वाकणारी बाई मी नव्हे.

आणखी एक तिकीट मिळवायला ह्यांनी बरीच धावपळ केली, पण मिळालं. निघायच्या दिवशी आम्ही स्टेशनवर गेलो होतो. गुरुजी नातीला खिडकीतून बजावत होते. तिथे पोचाल त्या दिवशी चतुर्थी आहे, पहाटे तीनला भरती, म्हणजे सहा तासांनी, सकाळी नऊला, पाणी उतरलेलं असेल. तेव्हाच खडकांत जा, वडिलांचा हात सोडू नको, आणि पाणी परत फिरायच्या आत बाहेर ये. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. गाडी हलली तेव्हा एकदम तिचा बांध फुटला आणि ती रडायला लागली. "आजोबा, तुम्ही या ना! आजोबा, मला नको, तुम्ही या!" गुरुजी गाडीबरोबर चार पावलं चालले, हात वर केला आणि थांबले. वळले तेव्हा त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. म्हणाले, "काय उकडतंय."

त्यांच्याजवळचा फोन साधा, बटणांचा, आणि घाटावरच्या गोंगाटात त्यांना त्यातलं ऐकू येत नाही. म्हणून मुलीने मला आधीच सांगून ठेवलं होतं, काकू, मी तुमच्या फोनवर करीन, तुम्ही आजोबांजवळ जाऊन बसा. चतुर्थीला सकाळी मी दशाश्वमेधावर जाऊन त्यांच्या छत्रीखाली बसले. विदर्भातून आलेलं एक मोठं कुटुंब पूजेला बसलं होतं. ताम्हन मांडलेलं, दर्भ हातात दिलेले, यजमानांच्या ओंजळीत पाणी. गुरुजी संकल्प सांगत होते, पण नजर माझ्या हातातल्या फोनवर.

फोन वाजला. मी आवाज मोठा करून तो त्यांच्या कानाशी धरला. म्हटलं, चित्रसुद्धा दिसेल, दाखवू? त्यांनी मान हलवली. "नको. तिला बोलू दे."

पलीकडून आधी नुसता घोंघावणारा वारा. मग तिचा आवाज, धापा टाकत. "आजोबा! आजोबा, मी आत आहे!"

"पाणी कुठवर आहे?"

"गुडघ्यापर्यंत! आणि पायाखालची वाळू सरकते हो, पाय आत जातात! बाबांनी हात धरलाय. आजोबा, खडकात छोटं छोटं पाणी साचलंय, त्यात समुद्रफूल आहे. बोट लावलं तर मिटलं! आणि एक खेकडा आहे शंखात, अगदी एवढासा, तो आत जाऊन बसला, बाहेरच येत नाहीये. मी थांबलेय. मी थांबू ना, आजोबा?"

"थांब," गुरुजी म्हणाले. त्यांनी डोळे मिटले होते. "घाई करू नको. त्याला वाटेल तेव्हा तो येईल."

मग तिकडून नुसतं पाणी. येणारं, फुटणारं, खडकांतून परत जाणारं. गुरुजी फोनला कान लावून ऐकत होते आणि त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून धार लागली होती. ती त्यांनी पुसलीही नाही.

यजमान अजून ओंजळ धरून बसले होते. पाणी बोटांतून ठिबकत होतं. ते हळूच म्हणाले, "गुरुजी... पुढचं सांगता ना?"

गुरुजींनी डोळे न उघडता हात वर केला.

"थांबा जरा," ते म्हणाले. "माझी नात समुद्रात उभी आहे."